टप्पे, छंद, बदल

त्या घरातलं वर्ष कॅलेंडरवर संपत नसे, पत्र टपालात पडलं की संपे. वर्षअखेरच्या सुट्टीत बाबा सगळ्या नातेवाइकांना मिळून एकच लांबलचक पत्र लिहायचे. त्याच्या साठ प्रती छापल्या जायच्या आणि या घरात वर्षभरात काय काय झालं ते साठ घरांना एकदम कळायचं. पत्राचे तीन भाग ठरलेले होते. टप्पे, छंद आणि बदल. टप्प्यांमध्ये दादाची बढती, दादाचं नवं घर, दादाच्या मुलीचा पडलेला पहिला दात. छंदांमध्ये आईच्या कुंड्या आणि बाबांची शब्दकोडी. बदल या भागात शक्यतो सोफ्याचं कापड किंवा न्हाणीघरातला नवा नळ असायचा, कारण बाबांना त्याहून मोठा बदल झेपत नसे.

धाकटीचा मुक्काम गेली अकरा वर्षं छंदांमध्ये होता.

धाकटी म्हणजे या घरातली मुलगी. वय चौतीस, पण अजून धाकटीच. अकरा वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती भाड्याची खोली सोडून तीन महिन्यांसाठी म्हणून घरी आली. त्या वर्षीच्या पत्रात बाबांनी लिहिलं, 'धाकटी सध्या आमच्याजवळ आहे.' दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी मजकूर दोन ओळी जास्त होऊन दुसऱ्या पानावर सांडायला लागला, तेव्हा बाबांनी इकडचा एक, तिकडचा एक असे शब्द छाटले. त्यात 'सध्या' गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. धाकटीच्या आलं, कारण ते पत्र टाइप तीच करत होती.

सकाळी ती एका शाळेच्या ग्रंथालयात अर्धा दिवस काम करायची. दुपारी घरी येऊन गॅलरीच्या टोकाला बसून फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. गॅलरीची तेवढी साडेचार फूट जागा तिची. तिथे दाभण, मेण लावलेला दोरा, लेईचं भांडं, आणि दोन फळ्यांमध्ये दाबलेली पुस्तकं. वजन म्हणून त्यावर जुनी लोखंडी इस्त्री. कणा तुटलेले शब्दकोश, पानं सुटलेले अ‍ॅटलास, कुणाच्या आजोबांची डायरी, लोक काय वाटेल ते आणून द्यायचे आणि ती ते असं उभं करायची की मालकाला आपलंच पुस्तक ओळखू येऊ नये. तिच्या बोटांत जादू आहे असं बाहेरचे म्हणायचे. घरचे म्हणायचे, लेईचा वास येतोय, दार लोटून घे.

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. सगळी दुनिया त्यांना प्रूफरीडर म्हणायची आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या आणि निवृत्तीनंतर घरातल्यांच्या शोधत होते. त्यांची एक खास पद्धत होती. ते मजकूर उलटा वाचायचे. शेवटच्या शब्दापासून सुरुवात, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. "सरळ वाचलं की माणूस अर्थाच्या मागे वाहत जातो आणि चुका मागे राहतात," असं ते सांगायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदात काना-मात्रेची चूक सापडली तर शंभर रुपये बक्षीस होतं, आणि ते शंभर रुपये अजून त्यांच्याच खिशात होते.

अर्थाची गोष्ट वेगळी. दादाला मुलगी झाली त्याच वर्षी मोठ्या काकांचं निधन झालं होतं. टाइप करताना दोन ओळींची अदलाबदल झाली आणि काकांच्या जाण्याने घरात आनंदीआनंद झाला असून सर्वांना पेढे पोचतीलच, असं पत्र साठ घरांत गेलं. शुद्धलेखन मात्र चोख होतं. काकू दोन वर्षं बोलल्या नाहीत. दादा म्हणाला, "बाबा, निदान एक माफीचं कार्ड तरी पाठवा." बाबांनी मान हलवली. "छापलं ते छापलं. मजकुरावर माझी सही आहे. आता मागे घेता येत नाही."

हा बाबांचा दुसरा नियम. पत्रात आलं की ते खरं धरायचं, आणि खरं नसेल तर खरं करायचं. एका वर्षी आईने नुसती चौकशी केली होती की पोहण्याच्या तलावाची फी किती असते. बाबांनी लिहून टाकलं, 'सौ. पोहायला शिकत आहेत.' झालं! साठ घरांतून कौतुकाचे फोन. आईला बादलीतल्या पाण्याचीही भीती वाटायची, पण ती बिचारी सात महिने तलावावर जाऊन कठड्याला धरून पाय मारत राहिली. वहिनीची गोष्ट तर याहून वरताण. तिने लग्नाला होकार द्यायच्या आधीच तो पत्रात छापून आला होता. "मला माझं लग्न ठरल्याचं पोस्टमनकडून कळलं," असं ती सगळ्यांना हसत हसत सांगायची. "आता छापलंच होतं म्हटल्यावर काय करणार!" सगळे हसायचे. धाकटीही हसायची, पण अलीकडे सगळ्यांच्या आधी थांबायची.

कारण या वर्षी तिच्याकडे एक बातमी होती.

एका मोठ्या ग्रंथालयाच्या पुस्तकदुरुस्ती विभागात जागा निघाली होती. गाव लांबचं, बारा तासांचा प्रवास. धाकटीने कुणाला न सांगता अर्ज केला, शाळेच्या कामाचं निमित्त सांगून एकदा जाऊन परीक्षा देऊन आली. परीक्षा म्हणजे काय, तर वाळवीने खाल्लेलं एक पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, दाखवा. तिने दाखवलं. तिथल्या प्रमुख बाईंनी ते पान उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतात तुम्ही?" धाकटीला 'गॅलरीत' असं म्हणावंसं वाटलं होतं. सुट्टीच्या आधी आठ दिवस पत्र आलं. कायमची नोकरी, राहायला एक खोली. पाच तारखेपर्यंत फोनवर होकार कळवा, दहा तारखेला रुजू व्हा. नाही कळवलंत तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

तिने आधी आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"चांगलं झालं की गं," आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "पण बाबांना इतक्यात नको सांगूस. सुट्टी पार पडू दे."

"सुट्टी पार पडेपर्यंत तारीख निघून जाईल, आई."

"बघू."

या घरात 'नाही' कुणी म्हणत नसे. 'बघू' म्हणत. 'बघू' म्हटलेल्या गोष्टी कुठे जातात ते धाकटीला चांगलं माहीत होतं, ती स्वतःच अकरा वर्षं तिथे होती.

"तू बोलशील का त्यांच्याशी?"

"मी नाही बाई मध्ये पडणार. तुमचं बापलेकीचं तुम्ही बघा." आईने एक शेंग उघडली, आत पाहिलं, बाजूला टाकली. "खोली कशी आहे तिथली? एकटीच राहायचं?"

"एकटीच."

"हं," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

बाबांना सांगायचा प्रयत्न धाकटीने तीनदा केला. पहिल्यांदा ते कोडं सोडवत होते. ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं," तर ते म्हणाले, "पाच अक्षरी, सुटका नसलेला, सांग बरं पटकन." दुसऱ्यांदा ते चष्मा शोधत होते आणि तो सापडेपर्यंत घरात दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. चष्मा कपाळावर होता. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि नळवाला आला. बाबा वाईट नव्हते हो. ते तिच्यावर कधी ओरडले नाहीत, कधी तिला अडवलं नाही. ती नसली तर काय होईल हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. भिंत नसली तर काय होईल, असं घरात राहणारा माणूस रोज उठून विचारत नाही. अडवलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

मग पत्राचा दिवस आला. सकाळची दहाची वेळ. बाबा हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत मजकूर सांगत होते आणि धाकटी कॉम्प्युटरवर टाइप करत होती. टप्पे झाले. दादा आता विभागप्रमुख झाला होता, त्याच्या मुलीला पोहण्यात पदक मिळालं होतं. आई आतून ओरडली, "तिला पाण्याची भीती नाही, माझ्यावर नाही गेली." मग छंद.

"लिही," बाबा म्हणाले. "धाकटीचा पुस्तकबांधणीचा छंद जोरात सुरू आहे. नवीन वर्षात ती आपल्या पुढच्या खोलीत मुलांसाठी पुस्तकबांधणीचे वर्ग सुरू करत आहे."

धाकटीचे हात थांबले. "कोण सुरू करतंय?"

"तू. छान कल्पना आहे ना? परवा कोडं सोडवताना सुचली. पुढची खोली दुपारी रिकामीच असते. तुलाही जरा गॅलरीतून बाहेर पडता येईल."

"बाबा, मला विचारलं नाहीत."

"आता सांगतोय ना. कर टाइप, पुढे बदल घ्यायचेत. बदलांमध्ये या वर्षी पडदे आहेत."

ती ओळ छापली गेली की संपलं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. साठ घरांतून फोन येतील, काकू त्यांच्या नातवाला पाठवायचं म्हणतील, मावशी रंगीत कागद पाठवेल. पुढच्या खोलीत चटया येतील. आई सात महिने कठड्याला धरून पाय मारत राहिली तशी ती त्या खोलीत वर्षानुवर्षं लेई कालवत राहील, आणि दर वर्षी बसून तेच टाइप करेल.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय."

"आधी टाइप कर. प्रूफ काढ. मग बोलू, मला तोवर चहा लागेल." आणि ते चहा सांगायला आत गेले.

तेव्हा तिने ते केलं. फसवायचं तिच्या मनात नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण नंतर कुणी ते विचारलं नाही. तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून तिने लिहून सांगायचं ठरवलं, एवढंच. छंदांमधली आपली दोन्ही वाक्यं तिने खोडली आणि बदल या भागात, पडद्यांच्या वर, टाइप केलं: 'धाकटी दहा तारखेला एका मोठ्या ग्रंथालयाच्या पुस्तकदुरुस्ती विभागात कायमच्या नोकरीवर रुजू होत आहे. यापुढे ती तिथेच राहील.' प्रूफ काढलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. आता ते वाचतील, कप खाली ठेवतील, ओरडतील, मग मी बोलेन, असं तिने मनात पक्कं केलं. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली.

बाबांनी लाल पेन काढलं, पट्टी घेतली आणि शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. पट्टी वर वर सरकत गेली. पडदे आले. त्यांच्या वर, 'राहील'वर पट्टी क्षणभर थांबली, धाकटीने श्वास रोखला, आणि पट्टी 'तिथेच'कडे गेली. 'ती.' 'यापुढे.' 'आहे.' 'होत.' 'रुजू.' बाबांचे ओठ एकेक शब्द पुटपुटत होते, जसे छत्तीस वर्षं पुटपुटले असतील. 'पुस्तकदुरुस्ती'पाशी ते पुन्हा थांबले, सगळे उकार, वेलांटी तपासली आणि समाधानाने हुंकार दिला. मग ते पदकाकडे गेले, तिथे एक अनुस्वार कमी होता, त्याला त्यांनी लाल गोल केला.

"एकच चूक. तीही दादाच्या पोरीच्या पदकात," ते म्हणाले. "तू सुधारलीस हं." खाली त्यांनी 'छापण्यास हरकत नाही' लिहिलं, सही केली, तारीख टाकली. "काय सांगायचं होतं तुला?"

धाकटीने सहीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली. "छापून आणते."

छपाईचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. तिथल्या बाकावर ती पाऊण तास बसून राहिली. परत जाऊन सांगावं असं तिला चारदा वाटलं आणि चारदा तिला चष्मा, कोडं आणि नळवाला आठवले. शेवटी दुकानदारानेच विचारलं, "ताई, छापायचंय की नुसतं ऊन टाळायला बसलाय?" तिने कागद पुढे केला. साठ प्रती. दरवर्षीप्रमाणे घरी ठेवायला दोन जास्त. यंत्र एकेक प्रत बाहेर टाकत होतं आणि दर प्रतीगणिक तिला वाटत होतं, अजूनही थांबवता येईल. बासष्टावी प्रत बाहेर पडली तेव्हा तिने तिथूनच ग्रंथालयात फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिकडच्या बाईंना दोनदा विचारावं लागलं.

दुपारी दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी जेवायला आली. जेवणानंतर पत्राचं वाचन हा रिवाजच होता. बाबा खुर्चीत, बाकी सगळे समोर. वर्षात एकदाच बाबा सरळ वाचायचे, तेही मोठ्याने.

टप्पे झाले, टाळ्या झाल्या. पदक झालं. छंदांमध्ये कुंड्या आणि कोडी आली, आणि बाबा किंचित अडखळले. काहीतरी गाळलं गेलंय असं त्यांना वाटलं असावं. पण हातात छापलेला कागद होता, आणि छापलेल्यावर त्यांचा विश्वास होता. ते पुढे गेले. बदल.

"धाकटी दहा तारखेला," त्यांनी सुरुवात केली, आणि मग त्यांचा आवाज त्याच चालीत, त्याच गतीने चालत राहिला. इतक्या वर्षांची सवय, पण चेहरा मागे पडत गेला. "...कायमच्या नोकरीवर रुजू होत आहे. यापुढे ती तिथेच राहील. दिवाणखान्याचे पडदे बदलून निळे करण्यात आले आहेत."

वहिनीने टाळी वाजवली. "अगं! सांगितलं नाहीस ते! बाबा, तुम्ही पण किती गुपचूप!"

"मस्तच की," दादा म्हणाला. आणि लगेच त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण मग इथे कोण? म्हणजे, आईचा गुडघा, बाबांचं हे..."

"तू विभागप्रमुख आहेस ना," वहिनी म्हणाली. "मग बघ की हा विभाग."

बाबांनी टेबलावरून प्रूफ ओढून घेतलं. आपली सही पाहिली. तारीख पाहिली. ते दोन्ही ओळींवरून बोट फिरवत होते, या खेपेला डावीकडून उजवीकडे. आता ओरडा, असं धाकटी मनात म्हणत होती, एकदा तरी ओरडा, म्हणजे मलाही ओरडता येईल.

"सही माझीच आहे," बाबा अखेर म्हणाले.

"हो, बाबा."

"हे तू सकाळी सांगणार होतीस?"

"गेले आठ दिवस सांगणार होते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान आणि म्हातारे दिसायचे. "छापलं ते छापलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं, "पुस्तकदुरुस्ती. एकच शब्द. बरोबर लिहिलायस." आणि उठून आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी हळूच लोटलं.

धाकटीला रडू फुटलं. ते आनंदाचं होतं, लाजेचं होतं आणि सगळ्यात जास्त दयेचं होतं. आई उठून आली, धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाकिटं आण. माझी ओळ राहिलीय."

आईची ओळ ही पत्रातली शेवटची गोष्ट. छापलेल्या मजकुराखाली ती प्रत्येक प्रतीवर स्वतःच्या हाताने निळ्या पेनने एक वाक्य लिहायची. सगळ्यांना एकच. 'तब्येतीला जपा', 'या खेपेला नक्की या', असलं काहीतरी. आई लिहायची आणि धाकटी घड्या घालून पाकिटं चिकटवायची, असं दर वर्षी चाले. या वर्षी आई म्हणाली, "तू जा, तुझी बॅग बघ. पाकिटं मी चिकटवते."

"साठ आहेत, आई. बोटं दुखतील तुझी."

"दुखू देत. आता मलाच करायचंय ना सगळं?" हे ती हसत म्हणाली. मग दारातून वळून विचारलं, "तिथला पत्ता दे गं मला लिहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पिशवी भरून तिच्या हातात दिली. धाकटीचं पाऊल हलकं पडत होतं. रस्त्यात दोघांनी विचारलं, काय खुशीत आहेस, आणि तिने दोघांनाही सांगून टाकलं. पोस्टात तिने साठ तिकिटं घेतली आणि बाकावर बसून ओल्या स्पंजने चिकटवायला लागली. दहा झाली की उठून पेटीत टाकायची, पुन्हा बसायची. काकूंचं, मावशीचं, आत्याच्या तीन सुनांचं. आईचं अक्षर ठसठशीत होतं, पण शेवटच्या पाकिटांवर ते वाकडं होत गेलं होतं. शेवटची दहा पेटीत पडली आणि तिने पिशवी झटकली, तर आत आणखी एक पाकीट निघालं. एकसष्टावं. तिकिटं तर संपलेली.

त्यावर तिचं स्वतःचं पूर्ण नाव होतं. खाली ग्रंथालयाजवळच्या त्या खोलीचा पत्ता.

घरी ठेवायच्या दोन प्रतींतली एक आईने तिला पाठवली होती. पत्र बाहेरगावच्या माणसांना जातं. म्हणजे आईने तिला बाहेरगावचं माणूस केलं होतं. टपालाने यायची कशाला वाट बघायची म्हणून तिने पाकीट तिथेच फोडलं. छापलेल्या मजकुराखाली निळ्या शाईत, दर वर्षीच्याच जागी, आईची ओळ होती.

'धाकटी एका वर्षासाठीच जातेय. पुढच्या पत्राच्या आधी घरी परत येईल.'

तिने ती दोनदा वाचली. मग ती उठली आणि पेटीच्या फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. बोटांना आत काहीच लागत नव्हतं. तिने हात आणखी रेटला, तेव्हा खिडकीतल्या बाई ओरडल्या, "अहो, काय करताय!"

"माझीच पत्रं आहेत. परत हवीत."

"पेटीत पडलं ते पडलं. मलाही काढता येत नाहीत आता." त्यांनी तिच्या लाल झालेल्या मनगटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काय, पत्ता चुकला का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पत्ते बरोबर आहेत."

ती बाकावर येऊन बसली. तिला आईचा भयंकर राग आला. बाबांपासून सुटायला तिने अकरा वर्षं घातली होती, आणि कुलूप स्वयंपाकघरात मटार सोलत होतं. मग तिला आई दिसली, काल दुपारी दार लावून टेबलाशी बसलेली. तीच ओळ पहिल्या प्रतीवर, दहाव्या, पन्नासाव्या. दुखरी बोटं मध्येच झटकणारी. बाबांबरोबर त्या घरात एकटं राहायचं, या भीतीने जिचं पेन थांबलं नाही ती आई. आणि राग धरायलाही काही उरलं नाही. परवापासून साठ घरांतून फोन येतील. वर्षभराचाच प्रश्न आहे ना, बरं झालं. पुढच्या सुट्टीत सगळे विचारतील, आली का धाकटी? ही ओळ काही छापलेली नाही, हाताने लिहिलीय, असं ती कुणाकुणाला समजावत बसणार होती? सरळ वाचली तर त्या ओळीत फक्त एक आई लेकीची वाट बघत होती.

तिने कागद गुडघ्यावर सपाट केला. पट्टी नव्हती म्हणून तर्जनी धरली, आणि शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. येईल. परत. घरी. आधी. पत्राच्या. पुढच्या. जातेय. वर्षासाठीच. एका. धाकटी.

एकही चूक नव्हती.